मोकळं कपाळ

रविवार, ता. ८ जानेवारी १९९५

चर्चचे एक पंच आहेत ना सर्जेराव, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं! बाप्तिस्मा हवा तर कुंकू पुसून यायचं — मंडळीच्या पंचांनी तसं ठरवलंय म्हणे. आणि आजच पाळकांनी काय शिकवलं? माणसाचं तारण नियम पाळून होत नाही, नुसत्या विश्वासानं होतं. पूर्वी काही जण म्हणायचे, आधी सुंता करा, मगच तारण. येशूचा प्रेषित पौल त्यांच्यावर भडकला होता.

निघताना मी पाळकांना विचारलं, मग सुंतेचं जे, तेच कुंकवाचं का नाही? त्यांनी बायबल मिटून पिशवीत घातलं. सर्जेराव म्हणाले, सुंता वेगळी, कुंकू वेगळं. वेगळीच असणार. सुंता पुरुषांची होती ना!

बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाचा प्याला आजही माझ्यापुढून तसाच गेला. शेजारी बसलेल्या द्वारकाबाईंच्या हातातल्या प्रभुभोजनाच्या भाकरीच्या तुकड्याकडे मी बघत बसले. लाज वाटली, पण बघत बसले.

शनिवार, ता. १४

मालक आले. जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात पोती उचलतात, शनिवारी घरी येतात. माझ्या प्रार्थनेचं त्यांना काहीच नाही. ते खंडोबाला जातात, मी येशूकडे, चूल एकच. पण कुंकवाचं सांगितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"जा की तू. पाणी घे. पण मी जित्ता हाय तवर कपाळ मोकळं ठिवू नको, गोपिका."

रागावले नाहीत. तेच वाईट. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

रविवार, ता. २९

आज करून बघितलं. मालक झोपलेले असतानाच निघाले आणि जाफराबादच्या जीपमध्ये बसल्यावर पदरानं कुंकू पुसलं. म्हटलं, त्यांना काय कळतंय! शेजारी एक अनोळखी म्हातारी होती. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हात हातात घेतला.

"कधी गेले, माय?"

जिवंत आहेत म्हटलं, तर बिचारी घाबरून सरकून बसली. उतरल्याबरोबर दुकानातून कुंकवाची पुडी घेतली. आधी लावलं, मग रडले. प्रार्थनेला गेलेच नाही. येशू, तू तरी रागावू नकोस. मला तुझं पाणी हवंय — आणि मालकही हवेत.

बुधवार, ता. १ फेब्रुवारी

भांडी घासताना ओंजळभर पाणी स्वतःच डोक्यावर ओतलं. काही झालं नाही. केस ओले झाले.

सोमवार, ता. २०

गुरुवारी मालक गेले. कारखान्यातच, छातीत कळ येऊन. मला बोलावणं आलं तोवर सगळं संपलं होतं.

जाऊबाईंनी कपाळ पुसलं. मी त्यांचा हात धरला होता, पण बाया चार होत्या.

बुधवार, ता. १ मार्च

सर्जेराव भेटायला आले. बराच वेळ चांगलं बोलले, मालकांची आठवण काढली. उठताना म्हणाले, "आता काही अडचण न्हाई राह्यली, बाई. रविवारी बाप्तिस्मा घेऊन टाकू."

मायेनंच म्हणाले. त्यांना कळलंसुद्धा नाही. मी दार लावून घेतलं. इतके दिवस जीव टाकला त्या पाण्यासाठी, आणि ते असं मिळायचं? मालक गेले म्हणून? नको. मला असं नको.

पण पाणी हवंच आहे. अजूनही!

रविवार, ता. ५

कुंकू लावून गेले. हिचं डोकं फिरलं, असं जाऊबाई गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या. दारात सर्जेराव आडवे आले. पाळकांनी त्यांचा हात बाजूला केला, मला पुढे नेलं आणि माझं नाव घेऊन डोक्यावर पाणी ओतलं. नाकावरून ओघळलं ते लाल होतं.

शनिवारी मालक आले की हे सगळं सांगू, असं येताना जीपमध्ये मी ठरवूनही टाकलं होतं.