दारातली मिठी

प्रिय बाबा,

आज संध्याकाळी सबनीस काकू येणार आहेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाशी बोलू? आई सकाळपासून घुम्यासारखी बसलीये. आणि तुमचा पंत? दारापाशी चारी पाय पसरून घोरतोय. त्याला काय कल्पना, आज त्याने या घरात राहायचं की नाही ते ठरणार आहे!

तुम्ही गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूच आईला धरून होत्या. गेल्या महिन्यात त्या वाटीभर मेतकूट घेऊन आल्या. दारात चपला काढायला वाकल्या आणि पंताने दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर टाकले. एवढा मोठा लॅब्रेडॉर, त्याच्या प्रेमाचं वजन काकूंना कसं झेपणार? जिन्याच्या कठड्यावर आपटल्या. मनगट मोडलं.

तेव्हापासून आईकडे कुणी येत नाही. भिशीच्या बायका खाली पार्किंगमधूनच हाक मारतात. परवा आई मला म्हणाली, "हे गेले. आता चार माणसं येतात-जातात तेवढाच आधार. कुत्र्यापायी तीही तोडू का मी?" दादाने धायरीला एका ओळखीच्यांकडे पंताची सोय केलीये, उद्या सकाळी गाडी येणार आहे. आईने एवढंच कबूल केलंय की आज काकूंसमोर तो नीट वागला, तरच गाडी परत पाठवायची.

रागावू का थोडी तुमच्यावर? हा सगळा उद्योग तुमचाच आहे! तुम्ही त्याला पंत नाव ठेवलंत, वर अहोजाहो केलंत. आई ओरडायची, "अहो, आवरा त्याला!" तर तुम्ही म्हणायचात, "कर्वेनगरात कुणीतरी पाहुण्यांचं मनापासून स्वागत करतंय, तर करू दे की!"

मी कुत्र्यांना शिकवणाऱ्या एकाला बोलावलं होतं. तो म्हणाला, पाहुण्यांनी दुर्लक्ष करायचं. केलं. काही उपयोग झाला नाही. मग सुट्टी काढून खडकीहून इकडे राहायलाच आले आणि दारात काय होतं ते बघत बसले. कुरियरवाला आला, पंत ढिम्म. मीटर बघणारा आला, तरी ढिम्म. मामा आला आणि झेप! माझा नवरा आला, त्याला नुसतं हुंगलं. असं का? नवऱ्याने पायानेच सपाता भिरकावल्या होत्या. मामा मात्र बुटांचे बंद सोडायला वाकला होता.

तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर आलात. फिरून यायचात, एक हात चपलांच्या मांडणीवर टेकून चपलेचा पट्टा सोडायला वाकायचात आणि पंत तुमच्या गळ्यात पडायचा. "वा पंत, वा!" आणि खिशातलं मारी बिस्कीट. रोजचंच होतं ते. दारात जो वाकेल त्याला मिठी मारायची, हे तुम्ही शिकवलंत बाबा, आणि त्याने ते मन लावून शिकून घेतलं. आता वाकणारा प्रत्येक माणूस त्याला तुमच्यासारखा वाटतो की काय, कोण जाणे.

तेव्हापासून मी रोज दारात वाकतेय. "पंत, बसा." बसला की बिस्कीट, तेही खाली फरशीवर ठेवून. उठला की मी पाठ फिरवते. माझ्यासमोर आता बसतो. शेवटी तुमच्या चपला घालून वाकून बघावं म्हणून मांडणीकडे हात नेला, तर आई म्हणाली, "त्यांना हात लावायचा नाही." मी लावला नाही.

बेल वाजली. आलेच.

बाबा, काकू आत्ताच गेल्या.

मी दाराबाहेर खुर्ची ठेवली होती, बसून चपला काढता याव्यात म्हणून. काकूंनी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला काय बाहेरच बसवून चहा देणार आहात?" आणि सरळ वाकल्या! एका मनगटाला अजून डॉक्टरांचा पट्टा, दुसऱ्या हाताने चपलेचा बंद सुटेना. पंत उठला. "पंत, बसा," मी म्हटलं. ऐकेना. पुढचे पाय उचलल्यासारखे झाले. आईने डोळे मिटून घेतले.

काकू वाकलेल्याच होत्या. तशाच म्हणाल्या, "बसा की पंत. एक हात अजून शाबूत आहे, तो राहू द्या."

आणि तो बसला. अंग नुसतं थरथरत होतं, शेपूट मांडणीवर आपटत होतं, पण बसला! काकूंनी दोन्ही चपला काढल्या, त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि आत येऊन साखर कमी घालायला सांगितली. मला रडूच फुटलं.

आनंदानेच फुटलं होतं. पण मग मनात आलं, आता तुम्ही जरी दारात येऊन वाकलात, तरी पंत उठणार नाही. बसून राहील. हे मी शिकवलंय त्याला.

काकू गेल्यावर आईने दार लावलं. दादाला फोन करून म्हणाली, "उद्या गाडी नको." मग गुडघे धरत धरत हॉलमध्ये फरशीवर बसली आणि म्हणाली, "या पंत." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दोन्ही पंजे तिच्या खांद्यांवर! "वा पंत, वा," आई म्हणाली, अगदी तुमच्यासारखं. तुम्ही गेल्यापासून तिने त्याला जवळ घेतलं नव्हतं.

तर बाबा, मी कबूल करते, दारात त्याला कुणावर झेपावू देणार नाही. पण रोज संध्याकाळी, तुमच्या फिरून यायच्या वेळेला, आत आमच्यापैकी कुणीतरी त्याच्यासाठी खाली बसेल.

तुमचीच,
चिडकी मनू