वरचे दगड, खालची मऊ माती

रविवार, दिवेलागणीला

लिंबू पिळलं आणि माती सोड्यासारखी फसफसली. अजून हसू येतंय.

उद्या डाळिंबाची रोपं येणार म्हणून सकाळी माझ्या तुकड्यात खड्डा घेतला. डोंगरातला ओढा पायथ्याला पंख्यासारखा पसरतो. दगडगोटे वरच टाकतो, मऊ गाळ खाली आणतो. वाटणीत मी थोरला म्हणून हट्टानं खालची मऊ माती घेतली, धाकट्या सदाला वरचे दगड. आणि आज हातभर खाली पांढरा थर. खात्रीला लिंबू पिळलं, फसफसलं. म्हणजे चुनखडीच; पाणी त्यावर अडणार, डाळिंबाची मुळं कुजणार. आमच्याकडं पाऊस तो किती, चुना धुऊन जायचा कसा?

सदा मेंढरं घेऊन चालला होता. म्हणाला, "आवं दादा, पाऊस झाला की मेंढरं खाली बसत न्हाईत. वर दगडात बसत्यात. तितं पाणी थांबत न्हाई. डाळिंबालाबी तेच लागतं."

"मग वाटणीला का बोलला न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

फौजेत वीस वर्षं नकाशे वाचले, घरचा ओढा वाचता आला नाही.

रोपं त्याच्या दगडात लावायची, उत्पन्न निम्मं-निम्मं, असं ठरलं. उरलेलं अर्धं लिंबू सदानं सरबताला नेलं. जाताना एकच अट घातली: दगड थोरल्यानं वेचायचे.