आईचा पाय घसरला

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या प्लास्टरमधल्या पायालाही नमस्कार. खाज सुटली तर आत विणायची सुई घालू नकोस. दादाने लहानपणी तेच केलं होतं आणि प्लास्टर काढल्यावर आत जखम निघाली होती. पाय उशीवर ठेव आणि मुलांकडून कामं करून घे. करतील ती, तू करू दिलीस तर.

आम्ही दोघं बरे आहोत. होडी भाड्याने देणाऱ्या माणसाच्या ऑफिसवर एक खोली आहे, तिथे मुक्काम आहे. त्याच्या धक्क्याच्या फळ्या कुजल्या आहेत, त्या बदलून द्यायच्या बोलीवर सुतारसाहेबांनी ही खोली मिळवली. (माझ्या नवऱ्याला तू ठेवलेलं हे नाव आता इथेही चालू झालंय. होडीवालाही त्याला तसंच म्हणतो.) खाली त्याची करवत चाललीय, वर मी तुला लिहितेय. फळ्या संपल्या की पुढचं गाव. नोकऱ्या सोडून निघालो तेव्हा वर्षभर फिरू म्हणालो होतो, त्याला दोन वर्षं झाली. अजून किती, असं तू विचारतेस. आम्हीच एकमेकांना विचारत नाही, तुला काय सांगू?

दादाचा फोन तुला आलाच असेल. सुट्टी झकास झाली, बाबा कप्तान झाले, आईचा एकदा पाय घसरून ती पाण्यात पडली पण लगेच काढली, बाकी मजा. तो असंच सांगणार. आपल्या घरात बातमी नेहमी अशीच धुऊन, इस्त्री करून येते. मी जरा सविस्तर लिहिते. शेवटी ही सुट्टी तुझ्याच डोक्यातून निघाली होती. ‘बारकी फिरतेय तिथेच सगळे जाऊ, होडी घेऊ, आईला पाण्यावर मोकळं वाटेल,’ असं तूच म्हणालीस, आणि नेमकी तूच जिन्यावरून पडलीस.

तर ते तिघं आले. पुढे बाबा, गळ्यात दुर्बीण. मग दादा, सगळ्यांच्या बॅगा घेऊन, हमाल परवडला असा चेहरा करून. मागे आई. दोन वर्षांनी भेटत होतो, मला वाटलं रडेल. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, “केस कोण कापतं तुझे?”

“मीच.”

“दिसतंय. उजवीकडे बोटभर लांब राहिलेत.”

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आई आहे तशीच आहे.

होडी म्हणजे एक लांबट डबा. दोन्ही टोकांना झोपायच्या खोल्या, मधे ओटा आणि टेबल, आणि न्हाणीघर असं की आत वळायचं असेल तर आधी बाहेर यायचं. होडीवाला शिकवायला आला. पाचव्या मिनिटाला बाबा त्यालाच शिकवायला लागले. “जन्मभर जमिनी मोजल्या मी, पाण्याचं काय घेऊन बसलात!” तो बिचारा मान डोलावत राहिला. मग बाबांनी कामं वाटली. दादाकडे दोरखंड, सुतारसाहेबांकडे इंजिन, माझ्याकडे नकाशा. आई उभी होती. “मी काय करू?” तिने विचारलं. बाबा म्हणाले, “तू आराम कर. बस.” ती बसली. थोड्या वेळाने उठली आणि चहा टाकला.

पहिले दोन दिवस खरंच छान गेले. एका ठिकाणी नदी खाली उतरते, तिथे होडी दोन मोठ्या दरवाज्यांच्या मधे उभी करतात आणि पाणी सोडून देतात. आपण हळूहळू खाली जातो आणि दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती वर वर येत जातात. आई टोकाला उभी राहून भिंतीतलं शेवाळ बघत होती. “विहिरीत उतरल्यासारखं वाटतं गं,” म्हणाली. दादा लाइफ जॅकेट घेऊन तिच्या मागे. ते तिला गळ्याशी टोचायचं. तो घालायचा, ती काढायची, असा त्यांचा खेळ चालला होता.

तिचं शिवणाचं मशीन देऊन टाकलं, हे तुला माहीत होतं का? मला होडीवर कळलं, तेही सहज. सुतारसाहेबांच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून मी सुई-दोरा पुढे केला, तर ती म्हणाली, “मला आता दोरा ओवता येत नाही. डोळे गेले कामातून.” मी विचारलं, मग मशीनवर कसं शिवतेस? तर म्हणाली, मशीन गेलं की. जागा अडत होती म्हणून बाबांनी कोणाला तरी दिलं, तिथे आता त्यांची खुर्ची आलीय, खिडकीशी. गावातल्या निम्म्या पोरांचे गणवेश शिवलेली बाई, ताई. आपल्या शाळेचा खर्च तिने त्या मशीनवर भागवला. मी विचारलं, “तू काही बोलली नाहीस?” म्हणाली, “बोलून काय, मला दिसत नाही हे खरंच आहे.”

तिसऱ्या दिवशी दुपारी नदी रुंद झाली. चिटपाखरू नाही, समोर सरळ पाणी. बाबा जेवून आत आडवे झाले होते. सुकाणूवर सुतारसाहेब होते. मागे एक लाकडी दांडी असते, डावीकडे जायचं तर ती उजवीकडे ढकलायची. आई त्याच्याशेजारी उभी राहून बघत होती. त्याने सरळ ती दांडी तिच्या हातात दिली.

“अहो, नको, बुडवीन सगळ्यांना.”

“बुडवा. पोहता येतं मला.”

तिने दांडी धरली. आधी होडी दारू प्यायल्यासारखी चालली, मग सुधारली. “म्हणजे करायचं एक आणि व्हायचं भलतंच,” ती म्हणाली. “माझ्या संसारासारखंच आहे की हे!” आम्ही सगळे हसलो, दादासुद्धा. आणि खरं सांगते, थोड्या वेळात ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं चालवायला लागली. कापडावर शिवण मारल्यासारखी होडी सरळ जात होती. खांदे सैल, तोंड किंचित उघडं. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तू पाहिलंयस?

बाबा डोळे चोळत बाहेर आले. “अरे, कोणी दिलं हिच्या हातात?” रागावले नव्हते, हसत होते. “सरक. झाली ना हौस?”

ती सरकली. मी नकाशात डोकं घातलं. त्यात बोलण्यासारखं काय होतं? रोजचंच आहे.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, ती पुसत होती. पुरुष बाहेर नकाशावरून वाद घालत होते. ती म्हणाली, “बारके, मला तुमच्याबरोबर न्याल का?”

“कुठे?”

“कुठेही. तुम्ही जाल तिथे. मला जागा फार लागत नाही. भाजी चिरीन, केर काढीन.”

ताई, मला ती गंमत करतेय असं वाटलं. नाही, तेही खरं नाही. गंमत असावी असं वाटलं. मी हसले आणि म्हणाले, “आणि बाबांना चहा कोण देणार?”

तीही हसली. “तेही खरंच,” म्हणाली आणि हातातली ताटली पुसून जागेवर ठेवली.

आता पुढचं लिहायचं म्हणून मध्ये उठून मी दोनदा खाली जाऊन आले. सुतारसाहेब म्हणाले, लिहायचं नसेल तर नको लिहूस. पण तू तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतेस. तुला माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका धक्क्याला लागत होतो. बाबा सुकाणूवर, दादा पुढे दोर घेऊन. सुतारसाहेब दादाला मदत करत होते. मी आत ओट्याशी होते आणि आई माझ्यासमोर, दाराच्या बाहेर, होडीच्या कडेला. तिने चष्मा काढला. काड्या मिटल्या. हात आत घालून तो फळीवर ठेवला, डब्यांच्या मागे, पडू नये असा. आणि मग पायरी उतरावी तशी ती उतरली. ओरडली नाही. हात हलवले नाहीत.

ताई, पाय घसरणारा माणूस आधी चष्मा काढून ठेवत नाही.

बाबांनी सगळ्यांत आधी इंजिन बंद केलं. हे मला सांगायलाच हवं. क्षणाचाही वेळ लावला नाही त्यांनी, नाहीतर होडीखालच्या पंख्यात सापडली असती. दादाने उडी मारली, सुतारसाहेबांनी वरून ओढलं. तिला चादरीत गुंडाळून बसवलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. दादा ओरडत होता, “लाइफ जॅकेट का काढलंस, किती वेळा सांगायचं!” बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, “एक चप्पल गेली वाटतं.” आई म्हणाली, “पाय घसरला.”

मी फळीवरून चष्मा काढून तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की मी पाहिलंय. चष्मा घातला आणि म्हणाली, “चहा टाकतेस का जरा?”

मी दादाला धक्क्यावर बाजूला घेऊन सांगितलं. तो भडकला. “वेड लागलंय तुला. पाणी उडतं म्हणून काढला असेल चष्मा. तू चार दिवसांनी निघून जाशील तुझ्या वाटेने, आम्हाला तिथे राहायचंय. कोणाच्या डोक्यात नको ते भरवू नकोस.” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून तो अंथरूण ओढून दारात आडवा झोपायला लागला. का, तर आत उकडतं. इथे पहाटे तोंडातून वाफ निघते.

शेवटच्या दिवशी होडी परत द्यायची म्हणून बाबा दोर गुंडाळत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, “बाबा, आईचा पाय घसरला नव्हता.”

ते गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “माहीत आहे. मी तिच्याकडेच बघत होतो.”

“मग? तुम्ही बोललात तिच्याशी?”

“काय बोलू?”

ताई, त्यांनी उडवून लावायला नाही विचारलं. हात थांबवून माझ्याकडे बघत होते, मी सांगेन आणि ते तसं बोलतील, म्हणून. इतक्या वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं. मी म्हणाले, “बघा, काहीतरी बोला.” ते म्हणाले, “हं.” पुन्हा दोर गुंडाळायला लागले. चुकीचा गुंडाळत होते, मी सांगितलं नाही.

स्टेशनवर मी आईला बाकावर बसवलं. सुतारसाहेबांशी बोलणं झालं होतं. तो तर आदल्या दिवसापासूनच तिच्यासाठी पलंग कुठे, कसा करता येईल याचा हिशोब मांडत होता. मी म्हटलं, “आई, चल आमच्याबरोबर. खरंच. आत्ता, इथूनच.”

“नको गं.”

“का? परवा तूच विचारलंस ना?”

“परवा मी विचारत होते,” ती म्हणाली. “आता तुम्ही घाबरून नेताय. मग दिवसभर माझ्याकडे बघत बसाल. ते काय, घरीही बघतील आता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. मी तिचा हात धरून ठेवला, तर तिने तो सोडवून माझ्या कॉलरची दुमडलेली कड सरळ केली. डब्यातून बाबांनी हाक मारली, “अगं, पाण्याची बाटली कुठल्या पिशवीत आहे?” “आले,” म्हणाली आणि चढली. नव्या चपला होत्या पायात, दादाने घेतलेल्या. एक नंबर मोठ्या. खिडकीतून तिने हात केला की नाही, ते मला काचेवरच्या उजेडात दिसलं नाही.

ताई, आता तू काय करायचंस ते मी लिहीन अशी तुझी अपेक्षा असेल. मी तसं लिहायला बसलेही होते. डोळे दाखवायच्या निमित्ताने तिला डॉक्टरांकडे ने, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांवर थांबू नकोस, मनाच्या डॉक्टरांकडेही ने. ती येईल असं मला वाटत नाही. आली तर डॉक्टरांनाही पाय घसरला असंच सांगेल. तरी ने. पाय बरा झाला की रोज जाऊन बस तिच्याकडे, तिला कळेल तू का येतेस, तरी जा. परत येऊ का, असं मी तिला काल फोनवर विचारलं. म्हणाली, “येऊन काय करशील? तुमचं चाललंय ते चालू द्या. पोळी करपतेय, ठेवते.”

तिला एकटं ठेवू नकोस, असं लिहून मी खोडलं. ती एकटी कधी होती? समोर खिडकीशी बाबा बसलेले असतात.

मुलांना माझे पापे. पत्र वाचून झालं की दादाला फोन करू नकोस, त्याला माहीत आहे.

तुझी, कुठेही असली तरी लांबच असलेली,
बारकी