घरचा माणूस

सोमवार, ३ जून
मी मास्तरीण झाले! दवाखान्यातल्या ताईनं आमच्या सहा खोल्यांतून मलाच निवडलं — धंद्यातल्या बायकांना निरोध वापरायला शिकवायचं. सरावाला लाकडी नमुना दिला. येताना बसमध्ये पिशवी फाटली आणि नमुना थेट कंडक्टरच्या पायाशी! शेजारच्या आजीनं उचलून दिला. "लाटणं फार आखूड आहे गं."
म्हटलं, "भागतं हो आजी, घर लहान आहे."

बुधवार, ५
पहिला वर्ग. आक्का, आमच्यातली सगळ्यात जुनी, नमुना निरखून म्हणाली, "एवढं सरळ तीस वर्षांत पाहिलं नाही!" वर्ग तिथेच बुडाला.

शुक्रवार, ७
मालकीण फणफणली. "निरोधाशिवाय तुम्ही नाही म्हणाल, गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाईल!" खोटं नाही. एकीनं नाही म्हणायचं, दुसरीनं चूल पेटायला हवी म्हणून हो म्हणायचं — दुखणं शिरतं ते तिथूनच. शेवटी ठरलं: सहाही जणींचं उत्तर एकच. भाड्याचा दिवस असला तरी!

शनिवार, ८
मिशीवाला ठेकेदार आला. "दुप्पट देतो, पण निरोध नको." मी नाही म्हटलं. दुसरं दार — नाही. तिसरं — नाही. सहावं आक्काचं. "सोन्याचा होऊन आलास तरी टोपी घालूनच ये!" स्वारी घामाघूम होऊन परत माझ्या दारात. "बरं... द्या मग." भिंतीपलीकडे सगळ्या हसून हसून मेल्या.

मंगळवार, ११
चिमणी, बाविशीची, नुकतीच आलेली. भर वर्गात विचारते, "आणि तुझ्या ड्रायव्हरचं काय गं?" सगळ्या खो खो. मी म्हटलं, "तो काय गिऱ्हाईक आहे? घरचा माणूस!"
मास्तरणीची पंचाईतच झाली पण.

बुधवार, १२
निरोधाचं विचारलं ड्रायव्हरला. रुसला! "माझ्यावर संशय घेतेस?" पाच वर्षं येतोय. लेकीच्या शाळेत बापाच्या रकान्यात त्याचंच नाव. एवढं कोण करतं आमच्यासाठी? चहा करून दिला. विषय मिटला.

सोमवार, १७
ताई म्हणाली, शिकवणारीनं आधी स्वतःचं रक्त तपासून घ्यावं. सुई बघून मास्तरीणच किंचाळली! आक्का म्हणते, "शोभतं का?"

गुरुवार, २०
मला एचआयव्ही निघाला. ताईनं हात धरला. "रोज एक गोळी, न चुकता. म्हातारी होशील बघ."
घरी येऊन ड्रायव्हरला सांगितलं. वाटलं, आता उठून जाईल. उठला — पण त्याच्या पिशवीकडे गेला. डबी काढून माझ्यापुढे ठेवली. ताईनं मला दिली, तीच गोळी.
"दोन वर्षं झाली. आठवली की घेतो," म्हणाला. "उगाच तुला काळजी नको, म्हणून बोललो नाही."