जाळी एकशे एक

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांची नोंद पुढे सापडत नाही, म्हणून. आमचे वर्क्स मॅनेजर श्रीधर साहेब म्हणाले, सोळा तारखेला गिऱ्हाइकाचे साहेब येणार. प्रोग्रॅमवर आपोआप चालणाऱ्या दोन्ही सी.एन.सी. मशिनवर, जपानी आणि जर्मन, लोखंडी दांडा कापून शाफ्ट काढून दाखवा. जमले तर सेक्शनचा इनचार्ज मी. नाही जमले तर परत स्टोअरमध्ये. न जमण्याचा प्रश्नच नाही.
येताना नंदनवन वस्तीतल्या पेंटरकडे पाटी रंगवायला टाकली. माझे नाव, खाली 'सी.एन.सी. इनचार्ज'.

४ फेब्रुवारी.
मॅक्रो व्हेरिएबल अर्ध्या तासात समजले. प्रोग्रॅममध्ये माप लिहायचेच नाही. डब्याचे नाव लिहायचे, #१०१, आणि माप त्या डब्यात टाकायचे. शाफ्ट बदलला की डब्यातला आकडा बदला. प्रोग्रॅम तोच. मी या खुणेला हॅश म्हणतो. कवडू, आमचा ऑपरेटर, जाळी म्हणतो. शिक्षणाचा फरक.
घरीही लागू. उठण्याची वेळ: #१०१ = ५. चहा: #१०२ = २ कप. बायको, प्रेमिला, म्हणाली, अहो, भिंतीवर नका लिहू.

५ फेब्रुवारी. सकाळी ८.१०.
#१०१ = ८ केले. व्हेरिएबलचा फायदाच हा.

९ फेब्रुवारी.
जपानी मशिनवर शाफ्ट झकास. तोच प्रोग्रॅम जर्मन मशिनवर चढवला. अलार्म. तिला # कळतच नाही, R लागतो. हट्टीपणा. कवडूने जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जाळ्या खोडून R लिहिले, आणि चालले. मी हेच सुचवणार होतो.

११ फेब्रुवारी.
कवडू जपानी मशिनच्या दारावर खडूने डब्यांचे आकडे लिहून ठेवतो. गिचमिड. काहून लिहितो रे, म्हणून त्याच्याच भाषेत विचारले. म्हणे, साहेब, मशिन बंद केली का शंभरातले डबे रिकामे होऊन जाते. पाचशेतले राहते. पाचशेत टाका नं. त्याला सांगितले, मॅन्युअलच्या उदाहरणात शंभरच आहेत, जपानी माणूस उगाच लिहीत नाही. शिवाय कोराडीचे वीजकेंद्र एवढे जवळ. नागपूरची लाइट जाणार कशी?
(उदाहरणाच्या पुढचे पान वाचायचे आहे. आज डुलकी लागली.)

१४ फेब्रुवारी. शनिवार.
साफसफाई. कवडू नको नको म्हणत असताना दारावरचा खडू मी स्वतः ओल्या फडक्याने पुसला. म्हणे, मले तं आकडे पाठ नाही गा साहेब. मला आहेत. साधारण.
पाटी उद्या मिळणार.

१५ फेब्रुवारी. रविवार.
पाटी सुंदर. दाराला लावणार होतो. प्रेमिला म्हणाली, एक दिवस थांबा. बायकांना धीर फार.
दुपारी कारखान्यात जाऊन दोन्ही मशिन बंद केल्या. उद्या गिऱ्हाइकाच्या साहेबांच्या हातून हिरवे बटण दाबून घेणार, नारळ फोडणार. समारंभ हवाच.

१६ फेब्रुवारी. दुपारी ३.
नारळ फुटला. बटण दाबले. जपानी मशिनमध्ये शाफ्ट चढवला आणि प्रोग्रॅम सोडला.
#१०१ रिकामा होता. बेरजेत रिकामा डबा म्हणजे शून्य. शून्य जाडीचा शाफ्ट करायला कापायचे टूल थेट शाफ्टच्या पोटात शिरले. आवाज आला. टूलचा तुकडा श्रीधर साहेबांच्या बुटापाशी.
साहेबांनी विचारले, लाइट गेली होती का? लाइट गेली नव्हती. मी घालवली होती. मला आकडे विचारले तेव्हा एकही आठवला नाही.
जर्मन मशिनने R मधले सगळे लक्षात ठेवले होते. कवडूने तिच्यावर शाफ्ट काढून दिला. मापात. गिऱ्हाइकाच्या साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. मी नारळाचे तुकडे वाटले.

१७ फेब्रुवारी.
इनचार्ज: कवडू. वाईट वाटले. खरे म्हणजे फार वाईट वाटले. तो म्हणाला, स्टोअरमधी काहून जाता साहेब, माह्याच हाताखाली राहा. श्रीधर साहेब हो म्हणाले.
घरी येऊन पुढचे पान वाचले. कवडूचे म्हणणे पहिल्याच ओळीत होते. भिंतीवरचे #१०१ प्रेमिलाने पुसले आहे, पण पाच वाजता उठणार होतो हे तिच्या लक्षात आहे. तिचे सगळे डबे पाचशेच्या पुढचे.

२० फेब्रुवारी.
पाटी कामी आली. कवडूला आकडे लिहायला पक्के काहीतरी हवे होते. जपानी मशिनच्या दाराला लावली आहे. नावाची बाजू आत. बाहेरच्या बाजूला त्याचे आकडे, माझ्या अक्षरात. अक्षर चांगले आहे म्हणाला.