एक ॲम्प आणि मागच्या दारातला गॉडफ्रे

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळाला राख लागली आणि लग्नं संपली! आता ईस्टरपर्यंत ना मांडव, ना रिसेप्शन, ना नाच. बँडला सुट्टी. गिटारला कव्हर घातलं. बाकीचं सामान पडवीत तसंच पडलंय — गिटारचा आवाज मोठा करणारे दोन ॲम्प, एक चर्चमधल्या मिस्सेसाठीचा गोड, एक लग्नांसाठीचा दांडगा, पायाने दाबायच्या पेडलांचा तो पाटासारखा बोर्ड, आणि वायरींची पिशवी, जिच्यातली हवी ती वायर कधीच वेळेवर सापडत नाही.

हे सगळं आजवर गॉडफ्रेने उचललं. जानेवारीत त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जड उचलणं आता कायमचं बंद. नवरा कसला, हमाल केला बायकोने, असं तो स्वतःच लग्नघरी सांगत फिरायचा. लोक हसायचे, मीही हसायचे.

पण तो नुसता हमाल असता तर काळजी नव्हती. हमाल मिळतो. गॉडफ्रे माझा कान आहे. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज समोर कसा पोचतो ते कळत नाही. म्हणून तो हॉलच्या मागच्या दारात उभा राहतो आणि हाताने सांगतो. तळवा खाली — थोडा कमी. अंगठा आणि बोट जुळलं — जमलं. तळवा वर गेला तर वाढव, पण तो वर जाताना मी आजवर पाहिलेला नाही. त्याच्या मते मी कायमच जास्त वाजवते!

आज म्हणाला, "सामान उचलायचं नाही, तर मी येऊन करू काय? मागे दुसऱ्या कोणाला तरी उभं कर."

इतक्या सहज म्हणाला. मी भांडी घासत होते, घासतच राहिले. त्याच्याशिवाय मी कधी वाजवलेलं नाही आणि वाजवणारही नाही. तो यायचा बंद झाला तर माझंही बंद. हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते.

६ मार्च

ठरलं. दोन्ही ॲम्प, सगळी पेडलं, सगळं काढून टाकायचं. त्या जागी एकच ॲम्प — ट्यूबचा, आत काचेच्या नळ्या तापणारा. मिस्सेत गोड, लग्नात दांडगा, घरात हळू, आणि मला एकटीला उचलता येईल एवढा. मग गॉडफ्रेने खुशाल खिशात हात घालून यावं. हमाल नको, नवरा चालेल.

७ मार्च

उपवासकाळाचे नेम. मी चहातली साखर सोडली, आणि पहिल्याच घोटाला पस्तावले. गॉडफ्रेने काय सोडावं? फोन! ब्रेंडाचा पुण्याहून फोन आला की ऐकतही नाही, सरळ माझ्या हातात देतो. लेक हिरमुसली. मी म्हटलं, अगं, डॅडींचा उपवास आहे. दारू नाही, मटण नाही, फोन! हा माणूस कधी काय सोडेल याचा नेम नाही.

बोलणंही कमी केलंय त्याने. मी बडबडते, तो मान हलवतो. असा नवरा मिळायला पुण्य लागतं, असं हेलन म्हणाली. हेलन आमच्या क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवते. तिचा नवरा फार बोलतो.

१२ मार्च

दुपारी शाळेतून आले आणि विहिरीच्या कट्ट्यावर नुसती बसून राहिले. केळीच्या पानांतून ऊन हलत होतं. पप्पांचा तसल्याच नळ्यांचा, व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला. बटण फिरवलं की लगेच काही नाही. आत आधी नारिंगी उजेड फुटायचा, मग लांबून कुठूनतरी कोणीतरी चालत आल्यासारखा आवाज यायचा. आम्ही पोरं श्वास धरून बसायचो. गाण्यापेक्षा ती वाट बघणंच मला जास्त आवडायचं.

तसा आवाज हवाय मला. हळू वाजवलं तर घंटेसारखा स्वच्छ, जोरात वाजवलं तर घोगरा. पेडल दाबून नाही, बोटाने. बोट हलकं पडलं की मिस्सा, जोरात पडलं की लग्न! माझी तीस टक्के मुलं गणितात नापास आणि बाई कट्ट्यावर बसून असली स्वप्नं बघतायत.

१६ मार्च, रविवार

तुळिंजला सुधाकरकडे गेलो. पूर्वी लग्नांत साउंडचं काम करायचा, आता जुने ॲम्प घेतो, दुरुस्त करतो, विकतो. बाजारातल्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली. खाली भाजीवाल्यांचा कलकलाट, वर सगळीकडे उघडे डबे.

तीन ॲम्प दाखवले. पहिला मोठा, त्यात नाही असं काही नाही. पण उचलायला गेले आणि कंबरेने देवाचं नाव घेतलं! तो असा, की विकत घ्यायचा आणि सोबत दोन माणसंही. दुसरा अगदी छोटा, आवाज इतका गोड की मला तिथेच डोळे मिटावेसे वाटले. पण एकच सूर लावून बसलेला, नाचाच्या गाण्याला त्याचा जीवच गेला असता. तिसरा मधला. दोन चॅनेल — एक स्वच्छ, एक घोगरा. मागे एक खटका, ताकद कमी करायचा, म्हणजे घरात वाजवलं तरी शेजारी भांडायला येणार नाहीत. चर्चसारखा घुमारा आतच. एका हाताने उचलता येतो, मात्र तोंड वाकडं करावं लागतं.

सुधाकरने नीट समजावलं. "टीचर, आधी पॉवर. मग थोडा दम धरायचा, ट्यूब तापू द्यायच्या. मग हे स्टँडबायचं बटण वर. ते खाली आहे तोपर्यंत ॲम्प मुका. नवीन लोक हमखास विसरतात."

मी मान डोलावली. मी काय नवीन आहे?

गॉडफ्रे गंमतच करत होता. मी वाजवायला लागले की लांब जायचं सोडून ॲम्पला चिकटायचा, वर तळवा ठेवायचा आणि डोळे मिटायचा. तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसा. तिसऱ्यावर त्याचा हात बराच वेळ राहिला.

गल्लीत ट्यूबचा ॲम्प मोठ्याने वाजवून बघायची सोय नाही. सुधाकर म्हणाला, पुढच्या रविवारी चांदीपला या, मेव्हण्याचं शेत आहे, तिथे मनसोक्त वाजवा.

१७ मार्च

चहा. बिनसाखरेचा. देव बघतोय ना?

२३ मार्च, रविवार

चांदीप. हा दिवस पूर्ण लिहून ठेवायचा आहे.

भात कापून गेलेलं शेत, नुसती खुंटं उरलेली. एका बाजूला शेड, शेडमधून ओढलेली वायर, आणि मोकळ्या शेतात स्टुलावर तो मधला ॲम्प. मी समोर उभी, साडीवर गिटार. मेव्हण्याच्या म्हशी माना वर करून बघत होत्या. रिसेप्शनला याहून थंड लोक पाहिलेत मी.

आधी स्वच्छ चॅनेल. एक तार छेडली आणि तो आवाज शेतावरून असा सरकत गेला की मी दुसरी छेडायची विसरले. मग हळूहळू वाजवत गेले, काय वाजवतेय ते न ठरवता. ऊन उतरत होतं. मी तिथे होते आणि नव्हतेही. बोटं माझी होती, पण वाजवत कोणी दुसरंच होतं, माझ्याहून लहान आणि माझ्यासारखं न घाबरणारं.

गॉडफ्रे ऐकायला मागे मागे चालत गेला. बांधापर्यंत. बांधाच्याही पलीकडे. एवढासा दिसायला लागला. मग पाठ करून उभा राहिला आणि तिकडचे डोंगर बघत बसला. मी हाका मारल्या. ढिम्म! वारा उलटा होता. शेवटी सुधाकर पळत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावून त्याला घेऊन आला.

"इतक्या लांब कशाला गेलास?" मी विचारलं.

"बघत होतो, कुठपर्यंत पोचतं ते," म्हणाला.

"मग?"

तो ॲम्पजवळ बसला, तळवा ठेवला, मला वाजव म्हणून खूण केली. वाजवलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हाच घे. हा पोचतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याने त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. परत येताना रिक्षात त्याचा हात धरून बसले. म्हातारे झालो तरी लाज नाही.

२५ मार्च

भांडण. ॲम्प पसंत केला, पण यायचं मात्र नाही म्हणतो! ईस्टरनंतर पहिलंच लग्न हेलनच्या भाचीचं आहे, तिथे तरी ये म्हटलं. मान हलवतो. नको. का नको ते सांगत नाही. मी म्हटलं, उचलता येत नाही म्हणून कमीपणा वाटतो का? बाहेर जाऊन चाफ्याला पाणी घालत बसला. सकाळी घातलेलं असूनही.

हा पुरुषांचा ताठा! वजन उचललं तरच बायकोजवळ उभं राहायचा हक्क, असं कोणी शिकवलं यांना?

५ एप्रिल

ॲम्प घरी आला! जुने दोन्ही सुधाकर घेऊन गेला, पेडलंही. पडवी रिकामी झाली, तिथे आता चक्क माणसं बसू शकतात. मागचा खटका कमी ताकदीवर लावून तासभर वाजवलं. पाठीमागच्या जाळीतून ट्यूबांचा नारिंगी उजेड भिंतीवर पडतो. वाजवते कमी, त्याच्याकडेच बघत बसते.

एक वायर, एक ॲम्प, एक गिटार. आयुष्य किती हलकं करता येतं! आता फक्त एक माणूस मागच्या दारात उभा राहिला की झालं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिस्सेहून येताना हातातली झावळी दुमडत गॉडफ्रे आपणहून म्हणाला, "शनिवारी येतो. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणाच्या मिस्सेला. एकदाच, शेवटचं."

शेवटचं हा शब्द मी ऐकलाच नाही असं ठरवलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज घंटा नाही, वाद्य नाही. लाकडी खटखट्याचा तेवढा आवाज. गाणी नुसत्या गळ्याने. गॉडफ्रे शेजारी उभा राहून ओठ हलवत होता. आज त्याचा चेहरा फार शांत होता. एवढी शांतता मला जमली असती तर!

२० एप्रिल, ईस्टर रविवार

हसून हसून पोट दुखलं, आणि लाजही वाटली. कालचं लिहिते.

चर्चमध्ये पूर्ण अंधार, लोकांच्या हातात मेणबत्त्या. ग्लोरियापर्यंत, म्हणजे त्या आनंदाच्या स्तोत्रापर्यंत, वाद्य वाजवायचं नाही. त्या शांततेत ट्यूबांची गुणगुण ऐकू जाऊ नये म्हणून मी पॉवर चालू ठेवून स्टँडबायचं बटण खाली केलं. किती हुशार! वाचनामागून वाचन. मी गिटार पोटाशी धरून बसलेले. गुरुवारपासून मुका झालेला आवाज आता माझ्या हातून फुटणार, एवढंच डोक्यात. अंधारात मला चांदीपचं शेत दिसत होतं.

फादरांनी सुरुवात केली आणि सगळं एकदम झालं — दिवे, घंटा, हेलनचा कीबोर्ड, लोक. मी पूर्ण हात फिरवून पहिला कॉर्ड मारला. मला वाटलं घंटांमुळे ऐकू येत नाही. आणखी जोरात मारला. हेलन माझ्याकडे वळून बघायला लागली. सवयीने मी मागच्या दाराकडे पाहिलं. गॉडफ्रे दारात उभा, मेणबत्तीच्या उजेडात, तळवा खाली — थोडा कमी. मी आज्ञाधारकपणे नॉबकडे हात नेला, आणि तेव्हा दिसलं. स्टँडबाय! बटण खालीच! अर्धा ग्लोरिया मी सुक्या तारांवर वाजवला होता!

बटण वर केलं. आणि मग आवाज आला, इथे लिहिता येणार नाही असा. छताला जाऊन खाली उतरला. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका वळून बघायला लागल्या. गॉडफ्रेने अंगठा आणि बोट जुळवलं. जमलं!

बाहेर सगळे मिठ्या मारत होते. हेलन म्हणाली, सुरुवातीला गिटार कुठे गेली होती गं? मी म्हटलं, उपवासाला. नवीन लोक विसरतात म्हणे. घरी येईपर्यंत मी आणि गॉडफ्रे हात हातात घालून चाललो.

२१ एप्रिल

चहात साखर सुरू. सकाळी ब्रेंडाचा फोन आला. म्हटलं, आता उपवास संपला, घे, लेकीशी बोल, आणि फोन गॉडफ्रेच्या हातात दिला. त्याने कानाला लावला. थोडा वेळ थांबला. मग काही न बोलता परत माझ्या हातात ठेवला.

कप खाली ठेवला मी. शनिवारी बटण खाली होतं. गिटार वाजतच नव्हती. मग त्याने कमी काय करायला सांगितलं?

त्याचा हात धरून पडवीत आणलं, ॲम्पशेजारी बसवलं, त्याचा तळवा ॲम्पवर ठेवला. पॉवर. दम धरला. स्टँडबाय वर. आमच्या लग्नात नाचलो तो वॉल्ट्झ वाजवला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. आम्ही दोघंही रडलो, मी वाजवत वाजवत.

मग त्याने दुसरा हात उचलला. तळवा वर.

मी मागचा खटका पूर्ण ताकदीवर टाकला आणि वाढवला.