हजेरीची तीन बटणे न दाबल्याबाबत

प्रति,
मा. हजेरी पडताळणी अधिकारी,
वकिलांचे सक्तीचे प्रशिक्षण विभाग,
टॅमरॅक काउंटी वकील मंडळ

विषय: प्रशिक्षणाचे दोन तास मंजूर करून माझी सनद शुक्रवारी निलंबित न करण्याबाबत.
संदर्भ: आपले दि. ४ मार्चचे नकारपत्र.

महोदया,

१. ‘प्रौढ कसे शिकतात आणि वकिलाने त्याचा उपयोग कसा करावा’ हे ऑनलाइन प्रशिक्षण मी घेतले. अडतिसाव्या मिनिटाला प्रशिक्षक म्हणाले, की प्रौढ माणूस ऐकून नव्हे, करून शिकतो. शिकलेले लगेच वापरा. सबब मी उठले.

२. बाहेर माझ्या पक्षकार श्रीमती व्हर्ना कालिओ (वय ७८) बसल्या होत्या. मांजर पाळल्यावरून घरमालकाने त्यांना घर सोडण्याची नोटीस दिली आहे. ती मी त्यांना तीनदा समजावली होती. या वेळी म्हटले, आता तुम्ही मला समजावा. त्या म्हणाल्या, “अगं, सोमवारी जजसाहेब मांजर बघायला घरी येणारेत ना? पडदे धुतलेत मी. वेलचीचा गोड पावही भाजणारे.” म्हणजे त्या कोर्टात गेल्याच नसत्या आणि घर हातचे गेले असते.

३. प्रौढाच्या अनुभवाचा मान राखावा, हेही त्याच प्रशिक्षणात सांगितले होते. श्रीमती कालिओ एकतीस वर्षे पोस्टात टपालाची वर्गवारी करत होत्या, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्यांनी नोटिशीचे पाकीट उजेडात धरले. “शिक्का बघ की, बाई! सतराला पोस्टात पडलंय, आणि हा बाबा लिहितो दहाला टाकलं!” म्हणजे नोटिशीची मुदत सात दिवस कमी भरते आणि नोटीसच टिकत नाही. ते पाकीट दोन महिने माझ्याच फायलीत होते, याची मला लाज वाटते.

४. दरम्यान पडद्यावर हजेरीचे बटण तीनदा येऊन गेले. ‘अर्जदार शिकताना जागेवर नव्हत्या’ हा आपला शेरा खरा आहे. सनद परत मिळवायला हेच प्रशिक्षण पुन्हा घ्यावे, असे आपण कळवता. ते सोमवारी सकाळी दहाला आहे. सुनावणीही तेव्हाच आहे. आपल्या सहायकांनी फोनवर सांगितले, की माझ्या कार्यालयातल्या कोणीही बटण दाबले असते तरी चालले असते.

५. हे कळल्यावर श्रीमती कालिओ म्हणाल्या, “तुला येऊ दिलं नाही तर मी बोलेन. आता कळलंय मला.” खरोखरच कळले आहे. पण समोर दोन वकील असतील, आणि कोणी आवाज चढवला की त्या आधी माफी मागतात. मला त्यांच्या शेजारी उभे राहायचे आहे. कृपया दोन तास मंजूर करावेत.

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत वकील,
करिन हाउगेन
दि. ९ मार्च

सोबत:
(१) हजेरीचा तक्ता
(२) पाकिटाची प्रत
(३) श्रीमती कालिओ यांनी स्वहस्ते लिहिलेला नोटिशीचा अर्थ, अर्धे पान (माझा सात पानांचा होता; तो जोडलेला नाही)